स्वयमचा कोर्स आणि वेळापत्रकात नसलेला एक तास

फळा_खडू | गुरुवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज विचारायचंय म्हणून धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी बीएस्सीला संख्याशास्त्र शिकवते. तीन वर्षं आमच्या एनपीटीईएल लोकल चॅप्टरची (म्हणजे कॉलेजातल्या शाखेची) स्पॉक, म्हणजे समन्वयक, आहे. स्पॉक कशी झाले? ज्या मीटिंगला मी रजेवर होते त्या मीटिंगमध्ये झाले. कॉलेजात काम करणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचा २००३ पासूनचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम. आधी नुसती व्याख्यानांची चित्रफीत असायची, २०१४ पासून प्रमाणपत्राचे कोर्स आले. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारचं 'स्वयम' हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ सुरू झालं आणि हे कोर्स तिथे मिळू लागले. कोर्स फुकट. परीक्षेला फी, आमच्या पोरांनी हजार रुपये भरले. दर आठवड्याला असाइनमेंट, त्यांचे २५ गुण. बारा आठवड्यांचा कोर्स असेल तर बारापैकी चांगल्या आठ धरतात. उरलेले ७५ केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायच्या परीक्षेचे. पास मात्र दोन्हीकडे वेगवेगळं व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. अशा कोर्समधून किती क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक) घेता येतील? यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्के केली.

पहिल्या वर्षी आमच्याकडे सूचना निघाली, 'प्रत्येकाने किमान एक कोर्स'. ११२ जणांनी नोंदणी केली, कारण नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि फाइलीत आकडा लागत होता. फी भरली १९ जणांनी. परीक्षेला गेले १४. पास झाले ६. नापासांतला एक मुलगा प्रिंटआउट घेऊन आला, असाइनमेंटला २४, परीक्षेत २८. "मॅडम, ५२ ला नापास कसं?" आता ते २४ कुठून आले ते त्यालाही माहीत, मलाही माहीत. मुदत संपायच्या रात्री उत्तरांचे फोटो ग्रुपवर येतात, पोरं अ-क-ड-ब टिचकवतात आणि झोपतात. व्हिडिओ उघडलेलाच नसतो.

गेल्या वर्षी मी एकच कोर्स धरला, 'जॉय ऑफ कंप्युटिंग युझिंग पायथन', म्हणजे पायथन या संगणकभाषेचा, बारा आठवडे. आणि दर गुरुवारी साडेतीनला दोन नंबरच्या लॅबमध्ये सगळ्यांना बसवायला लागले. बुधवारी रात्री घरी व्हिडिओ उतरवून पेन ड्राइव्हवर घेते, कारण कॉलेजचं नेट साडेतीनला झोपतं. एक एक्स्टेन्शन बोर्ड, एक स्पीकर, प्रोजेक्टर. दहा मिनिटं व्हिडिओ, मग पॉज, मग मराठीत गप्पा.

उदाहरण सांगते. आकडे मोजायची 'रेंज' ही आज्ञा, रेंज पाच लिहिलं की पायथन शून्य ते चार छापतो, पाच छापत नाही. व्हिडिओत हे अर्ध्या मिनिटात होऊन जातं. आमच्या पोरांचं घोडं तिथेच अडलं. शेवटी शून्य ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या करून सहा जणांना उभं केलं. पाच नंबरवाल्याला दाराबाहेर काढलं आणि सांगितलं, तू हद्दीचा दगड, शेतात तुझी मोजणी नाही. त्यानंतर त्या चुकीत कोणी सापडलं नाही. (त्या मुलाला अजून 'दगड' म्हणतात, त्याबद्दल मला जरा वाईट वाटतं.)

त्या वर्षी नोंदणी ४१, फी २६, परीक्षेला २५, पास २१. सव्विसावीची पहाटेची एसटी चुकली.

मग अडचण काय? तर हा गुरुवारचा तास कुठेच नाही. वेळापत्रकात नाही, वर्कलोडमध्ये नाही. माझे सोळा तास भरून हा वरचा. यंदा लॅब हवी म्हटलं तर विचारणा झाली, "हा कुठल्या विषयाचा तास?" आणि सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळंच, "मॅडम, तुम्ही ऑनलाइन कोर्स यशस्वी केलात तर आमचे तास जातील." तेही खोटं नाही. दोन क्रेडिटचा विषय स्वयमवर गेला की विभागाचे आठवड्याचे दोन तास कमी दिसतात, आणि कुऱ्हाड पडते ती सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांवर.

तर प्रश्न एवढाच: तुमच्याकडे हा तास अधिकृतपणे कुठे बसवलाय का? कसा?

---

स्पष्टवक्ता_६४ | रात्री १०.१५

ऑनलाइन कोर्सची सगळी गंमत ही की हवा तेव्हा, हवा तिथे शिका. त्याला पुन्हा गुरुवारी साडेतीनला लॅबमध्ये कोंडायचं असेल तर ऑनलाइन कशाला? अठरा-वीस वर्षांची मुलं आहेत, घास भरवणं थांबवा. ज्याला शिकायचंय तो शिकतोच. बाकी प्राध्यापकांचे तास वाचवण्याची धडपड आहे, दुसरं काही नाही.

---

सीएचबी_२०१५ | रात्री १०.२२

स्पष्टवक्ते, तास वाचवण्याची धडपड आहेच. तासावर पोट असलं की असते.

---

रिटायर्ड_बॉटनी | रात्री ११.०५

धागा वाचून कपाट आठवलं.

१५ ऑगस्ट १९८४ ला यूजीसीने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं. आमच्या कॉलेजने टीव्ही घेतला, रंगीत. तो लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली हेडक्लार्ककडे. कार्यक्रम दुपारी, आणि दुपारी हेडक्लार्क जेवायला घरी. कार्यक्रम खरोखर चांगले असत, पण इंग्रजीतून, आणि आपल्या अभ्यासक्रमाच्या कुठल्या धड्याला काय लागू पडतं ते कोणी सांगायला नाही. दोन वर्षांत त्या टीव्हीवर फक्त क्रिकेट दिसायला लागलं. क्रिकेटच्या दिवशी किल्ली सापडायची.

पुढे सप्टेंबर २००४ मध्ये इस्रोने एज्युसॅट सोडला, खास शिक्षणासाठीचा उपग्रह. गच्चीवर ताटली बसली. उद्घाटनाला पेढे वाटले. २०१० मध्ये उपग्रहाचं काम संपलं. ताटली अजून आहे, तिच्या खांबाला एनसीसीवाले दोरी बांधतात.

या सगळ्यात मी चाललेलं पाहिलं ते एकच, नाशिकचं मुक्त विद्यापीठ. १९८९ ला निघालं, राम ताकवले पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. मी बारा वर्षं आमच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक (शिकवणारा मार्गदर्शक) होतो. तंत्रज्ञान काय होतं? छापील पुस्तक. पण ते पुस्तक एकट्याने बसून वाचणाऱ्यासाठी लिहिलेलं, मध्येमध्ये प्रश्न, मागे उत्तरं. आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र. एसटीचे कंडक्टर, अंगणवाडी सेविका, दोन मुलांच्या आया यायच्या. पुस्तक घरी वाचून झालेलं असायचं असं नाही. पण रविवारी सरांसमोर बसायचंय या धाकाने शनिवारी रात्री उघडलं तरी जायचं. फळा_खडू, तुमचा गुरुवार म्हणजे आमचा रविवार. फरक एवढाच की आमच्या रविवारचा विद्यापीठ भत्ता देत असे. फार नव्हता, पण मस्टरवर सही होती.

---

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ७.४०

मी हिंजवडीत नोकरी करून जॉर्जिया टेकचं कंप्युटर सायन्सचं ऑनलाइन मास्टर्स केलंय (ओएमएससीएस), म्हणून दुसरी बाजू.

हा अभ्यासक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला, युडॅसिटी ही ऑनलाइन कोर्सची कंपनी आणि एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी यांच्या सोबतीने. पूर्ण पदवीचा खर्च सात हजार डॉलरच्या आसपास, अमेरिकेत बसून करण्याच्या मानाने काहीच नाही. हजारो लोक करतात आणि पदवीला किंमत आहे. मी रात्री अकरा ते दोन करायचो, बायको-पोरं झोपल्यावर. मला कुणी गुरुवारी बसवलं नाही.

पण याच युडॅसिटीने २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर प्राथमिक गणित-संख्याशास्त्राचे ऑनलाइन कोर्स चालवले होते. गणितात आधीच मागे पडलेली मुलं, काही तर शाळेतली. पास होण्याचं प्रमाण वर्गातल्यापेक्षा बरंच खाली आलं आणि काही महिन्यांत, जुलैमध्ये, प्रयोग थांबवला. कंपनी तीच, तंत्र जवळपास तेच, फक्त समोरचा विद्यार्थी वेगळा. माझ्याकडे इंजिनियरिंगची पदवी होती, पगार होता, अडलं तर विचारायला ऑफिसात चार जण होते. ज्याला शिकायचं कसं हे आधीच जमतं त्याला ऑनलाइन फावतं. स्पष्टवक्ते म्हणतात तो 'शिकतोच' वाला तोच.

आणि मलाही 'कुणी नव्हतं' हे खरं नाही. प्रत्येक विषयाला टीए (शिक्षकांचे मदतनीस) असायचे, फोरमवर प्रश्न टाकला की उत्तर यायचं. २०१६ मध्ये तिथल्या अशोक गोएल सरांनी जिल वॉटसन नावाची एक टीए फोरमवर सोडली होती. ती माणूस नसून प्रोग्राम आहे हे मुलांना सेमिस्टर संपताना कळलं. चॅटजीपीटीच्या कितीतरी आधी! पण जिल उत्तर द्यायची ती 'असाइनमेंट कधी द्यायची, कुठल्या फॉरमॅटमध्ये' अशा नेहमीच्या प्रश्नांना. खरा गुंता माणसंच सोडवायची.

---

डोंगरावरची_रेंज | सकाळी ९.१०

हवा तेव्हा, हवा तिथे. मस्त.

लॉकडाउनमध्ये मी टीवायला होते, कोकणात. आमच्या वाडीत रेंज नाही. वरच्या सड्यावर आंब्याच्या एका झाडाखाली दोन काड्या यायच्या. फोन दादाचा, म्हणजे दादा कामावरून आला की माझा. सकाळचं लेक्चर संध्याकाळी रेकॉर्डिंग म्हणून बघायचं, ते फिरत राहायचं. पाऊस सुरू झाल्यावर छत्रीत बसून फोन फ्रीझरच्या पिशवीत ठेवायचा, पिशवीवरून स्क्रीन चालते हे तेव्हा कळलं. अंतिम वर्षाची परीक्षा ऑनलाइन एमसीक्यू. चाळिसाव्या प्रश्नाला लॉगआउट झालं ते पुन्हा आत घेईना. फेरपरीक्षा मिळाली, पण महिनाभर आईला वाटत होतं मी नापास झाले आणि सांगत नाहीये.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांत ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरात ४२ टक्के. संगणक खेड्यात शंभरात चार घरी. आता फोन बरेच झालेत मान्य. पण फोन 'घरात असणं' आणि 'मुलीच्या हातात असणं' यात अंतर आहे. फळा_खडू मॅडम, तुमच्या गुरुवारच्या लॅबमध्ये मुली किती?

---

फळा_खडू | सकाळी ११.३०

@डोंगरावरची_रेंज, २६ पैकी १७. असाइनमेंटसुद्धा त्या गुरुवारी चार ते साडेचार लॅबमध्येच भरतात. घरी फोन मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी 'काय बघतेस' हा प्रश्न येतो. हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

@स्पष्टवक्ता, मी त्यांची असाइनमेंट सोडवत नाही. मी फक्त व्हिडिओ थांबवते.

@सीएचबी, तुमचं नाव न घेता तुमचंच लिहिलं होतं. आमच्याकडचे सर नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. त्यांचे तास माझ्या हौसेपायी जावेत असं मला अजिबात वाटत नाही, म्हणूनच तर विचारतेय.

---

स्पष्टवक्ता_६४ | दुपारी १२.०५

सतरा मुलींचं माहीत नव्हतं. माझं घरचं उदाहरण वेगळं असल्याने तसं लिहिलं गेलं. मुलगी आयआयटी मद्रासचं डेटा सायन्सचं ऑनलाइन बीएस करते, घरात तिची वेगळी खोली आहे. परीक्षा मात्र तिलाही केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि मी गाडीने सोडतो.

'तास वाचवण्याची धडपड' हे मात्र मागे घेत नाही. ती आहे, सीएचबींनीच कबूल केलंय. :)

---

ग्रंथपाल_काका | दुपारी ३.२०

दोन गोष्टी.

एक. पेन ड्राइव्हवर व्हिडिओ आणताय तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघितलेत का? कण्णन मौदगल्य सरांचा प्रकल्प. साधारण दहा-दहा मिनिटांचे तुकडे, बरेचसे मराठी आवाजातही आहेत. पडदा इंग्रजीच राहतो, म्हणजे मेनू, कमांड सगळं जसंच्या तसं, फक्त बोलणं मराठी. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे एकतर सगळं इंग्रजी, नाहीतर 'फाइल सेव्ह करा'चं 'धारिका जतन करा'. वापरायची पद्धतही ठरलेली आहे. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडं, तो करतो तसं आपण करायचं, अडलं की मागे घ्यायचं. लिहिलेली संहिता आधी एखाद्या नवशिक्याला देऊन पाहतात, त्याला जमलं तरच पुढे. आमच्या ग्रंथालयातल्या सहा जुन्या मशीनवर लायब्ररी अटेंडंटचा मुलगा लिब्रेऑफिस आणि पायथन असंच शिकला. नेट लागत नाही.

दोन, तुमचा मूळ प्रश्न. आमचं कॉलेज स्वायत्त आहे, म्हणून आम्हाला जमलं, तुम्हाला किती लागू पडेल बघा. आमच्या संगणकशास्त्राच्या अभ्यास मंडळाने दोन क्रेडिटच्या एका कौशल्य विषयाच्या वर्णनातच लिहून टाकलं, 'स्वयमवरील मान्य कोर्स अधिक आठवड्याला एक तास मार्गदर्शन'. विषय कॉलेजचाच राहिला. तासही कॉलेजचा, कोणाच्या वर्कलोडमधून गेला नाही, एका सीएचबी मॅडमच्या नावावर आला. व्हिडिओ आयआयटीचा, वर्ग आमचा. ग्रंथालयाने फक्त हेडफोन दिले (बारापैकी सात परत आले).

अडचण पुढे आली ती वेगळीच. स्वयमचं सत्र जानेवारी आणि जुलैचं, परीक्षा सत्राच्या टोकाला, निकाल त्यानंतर. आमची गुणपत्रिका तोवर छापायला गेलेली. पहिल्या वर्षी नऊ जणांच्या निकालावर 'राखीव' आलं आणि पालक दारात. आता आम्ही बारा आठवड्यांऐवजी आठ आठवड्यांचे कोर्स निवडतो आणि क्रेडिट पुढच्या सत्राच्या गुणपत्रिकेवर दाखवतो. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, तिथे क्रेडिट जमा होऊन राहतं. ते पोरांना समजावताना 'पोस्टातलं आरडी' म्हटलं की पटकन कळतं.

---

सीएचबी_२०१५ | दुपारी ३.४५

काका, त्या मॅडमना त्या तासाचे पैसे मिळतात?

---

ग्रंथपाल_काका | दुपारी ४.००

मिळतात. उशिरा, पण मिळतात. प्रात्यक्षिकाचा तास म्हणून दाखवतात.

---

सीएचबी_२०१५ | दुपारी ४.०८

मग मी उद्यापासून पायथन शिकायला तयार आहे. माझा विषय मराठी आहे, पण बघू.

---

मूक_बधिर_नव्हे | संध्याकाळी ६.३०

मी दुसऱ्या टोकाला आहे, एका मूकच्या चित्रीकरणात होतो म्हणून लिहितो. (मूक म्हणजे एमओओसी, कितीही जणांना खुला असलेला ऑनलाइन कोर्स. एका स्नेह्याने विचारलं होतं, मुक्या मुलांसाठी आहे का.)

स्वयमच्या कोर्सला चार भाग लागतात: व्हिडिओ, छापून घेता येईल असं वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चामंच. सगळा जीव पहिल्यात जातो. स्टुडिओ, हिरवा पडदा, सरांची टाय. चर्चामंच शेवटी उरतो आणि तो बघायला माणूस नसतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत चार क्रेडिटचा पूर्ण मूक बनवणाऱ्याला पदोन्नतीच्या हिशोबात २० गुण आहेत. चांगलंच आहे. पण गुण बनवण्याचे आहेत. फळा_खडू करतात त्या कामाला, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला कोर्स आपल्या पोरांच्या गळी उतरवण्याला, कुठल्या रकान्यात भरायचं ते त्यांनीच सांगावं. आमच्या मंचावर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न होता, "सर, असाइनमेंटची तारीख वाढवाल का?" तीन जणांनी खरे प्रश्न विचारले. तिघांनाही मी उत्तर दिलं, एकाला अकरा दिवसांनी.

---

रिटायर्ड_बॉटनी | संध्याकाळी ७.१५

अकरा दिवस म्हणजे पोस्टाने जलद झालं असतं.

---

फळा_खडू | रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. काका, तुमच्या विषयाच्या वर्णनाचा तो परिच्छेद मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आम्ही संलग्न, त्यामुळे अभ्यासक्रम विद्यापीठाचा, आमच्या हातात नाही. पण कौशल्य विषयांच्या यादीतून निवड कॉलेजला करता येते, तिथे शिरकाव होतोय का बघते. आज प्राचार्यांकडे अर्ज दिला, तासाला नाव दिलंय 'संगणक प्रात्यक्षिक (मार्गदर्शन)'. सीएचबी सरांच्या नावाने मागितलाय, माझ्या नाही. 'पुढील बैठकीत ठेवावे' असा शेरा आला. या वेळी बैठकीला रजा घेणार नाही.

तोवर लॅबची किल्ली माझ्याकडेच आहे. येत्या गुरुवारी रिकर्शन आहे, म्हणजे स्वतःलाच बोलावणारं फंक्शन. मागच्या वर्षी आरशासमोर आरसा सांगून पाहिलं, कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. कुणाकडे आपल्याकडचं उदाहरण आहे का?

---

डोंगरावरची_रेंज | रात्री ९.४१

कापूसकोंड्याची गोष्ट! "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "हो." "हो काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "नको." "नको काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?"

---

रात्रपाळी | रात्री ९.५५

जबरदस्त. फक्त तिला बेस केस नाही, म्हणजे थांबायची अट. पायथन साधारण हजार वेळा 'सांगू?' विचारेल आणि एरर देऊन आडवा होईल.

---

डोंगरावरची_रेंज | रात्री १०.०२

आमच्याकडे आजी कंदील बारीक करायची. ती बेस केस.

---

फळा_खडू | रात्री १०.०४

घेतलं. गुरुवारी लॅबचे दिवे मी बंद करणार.